अधिसूचना निघते त्या रात्री माल कोणाचा असतो?

प्रश्न थोडक्यात असा होता: वडिलांचं पिंपळगाव बसवंतला कांदा खरेदीचं लायसन आहे, मुलगा बीकॉम होऊन धंद्यात आलाय, आयात-निर्यात कोड काढून झालाय. सगळे सांगतात, 'एक्स्पोर्ट करायचा तर राजकारण समजून घे, बातम्यांवर लक्ष ठेव.' पण लक्ष ठेवायचं म्हणजे करायचं काय? रोज चॅनेल बघायचे? आणि राजकारणात रस नसलेल्या माणसाने धंदा करूच नये का? वडिलांचं म्हणणं, एक्स्पोर्टच्या नादाला लागू नको, लोकल बरं.

मी या लाइनीत बरीच वर्षं आहे. आधी लोकल, मग कोलंबो-दुबई, मध्ये काही काळ द्राक्षंही केली. त्यामुळे उत्तर लांबेल.

चॅनेल बंद केला तरी चालेल. कोण कोणाच्या पक्षात गेलं, कोण कोणाला काय बोललं, याने कांद्याचा भाव रुपयाने हलत नाही. तो हलतो अधिसूचनेने. विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजीएफटी म्हणतो ते, किंवा अर्थ खात्याचा महसूल विभाग एक-दोन पानांचा कागद काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावात बोली बदललेली असते. त्या कागदाचा फटका कोणाला बसतो, हे एकाच गोष्टीवर ठरतं: तो निघाला त्या रात्री माल कोणाच्या मालकीचा होता. बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

2023 चं उदाहरण घेऊ. त्या फेब्रुवारीत लाल कांद्याचे भाव इतके पडले होते की बार्शी भागातल्या एका शेतकऱ्याला पाच क्विंटलच्या वर कांदा विकून खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला, ती पट्टी देशभर फिरली. मार्चमध्ये दिंडोरीहून मुंबईकडे मोर्चा निघाला, राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला कांदा कोणालाच नको होता. पाच-सहा महिन्यांत चित्र उलटलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राने बफरमधला, म्हणजे भाव आवरायला स्वतः खरेदी करून साठवलेला, कांदा बाजारात सोडायचं ठरवलं. 19 ऑगस्टला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. 28 ऑक्टोबरला टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही. 7 डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यात बंद.

यात एक जिना दिसतो. आधी बफरचा माल सोडायचा, मग शुल्क, मग किमान निर्यात मूल्य, मग बंदी. 2019 लाही असाच होता: जूनमध्ये निर्यातीचं प्रोत्साहन काढून घेतलं, 13 सप्टेंबरला 850 डॉलरचं किमान मूल्य लावलं, 29 सप्टेंबरला बंदी आणि सोबत साठ्यावर मर्यादा, घाऊकवाल्याला 500 क्विंटल, किरकोळवाल्याला 100. पहिली पायरी दिसली की पुढची कधीही येईल असं धरून चालायचं. मात्र जिना नेहमी असतोच असं नाही. 2020 च्या जूनमध्ये वटहुकूम काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या रोजच्या कचाट्यातून सोडवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि 14 सप्टेंबरला थेट बंदी आली. त्या अधिसूचनेत एक ओळ होती, आधीच्या सौद्यांना मिळणारी संक्रमणकाळातली सवलत इथे लागू नाही. एरवी परकीय व्यापार धोरणात अशी तरतूद आहे की, बंदीच्या आधी बँकेकडून पक्कं पतपत्र, म्हणजे एलसी, उघडलेलं असेल तर तो माल पाठवता येतो. त्या एका ओळीने ती वाट बंद झाली. बांगलादेशच्या सीमेवर ट्रक उभे राहिले, न्हावाशेव्याला कंटेनर अडकले. कस्टमच्या ताब्यात आधी गेलेल्या मालाला नंतर परवानगी मिळाली, पण तोवर ताडपत्रीखालच्या कांद्याला मोड आले होते.

अधिसूचना वाचायची सवय इथे उपयोगी पडते. बातमीत 'निर्यातबंदी' एवढंच येतं. कागदात तारीख असते, कोणता माल सुटला हे असतं, सवलत लागू आहे की नाही हे असतं. 2023 च्या डिसेंबरात बोटीत भरायला सुरुवात झालेल्या आणि कस्टमकडे आधीच सोपवलेल्या मालाला वाट ठेवली होती. तो परिच्छेद वाचलेल्या माणसाने रात्रीच सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, फोन लावला. न वाचलेल्याने सकाळी वर्तमानपत्र पाहून डोक्याला हात लावला.

आता माल कोणाचा, या मुद्द्याकडे येतो. जून ते ऑक्टोबर आपल्याकडे विकला जातो तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलमध्ये काढून कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरलेला. देशाच्या एकूण कांद्यात याचा वाटा मोठा, ढोबळमानाने दोन तृतीयांश. हा माल बहुतांशी शेतकऱ्याच्याच चाळीत असतो. व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल निवडून गोण्या भरायच्या आवारात, दोन-चार दिवसांचा, फार तर आठवड्याचा. त्यामुळे 19 ऑगस्टला शुल्क लागलं तेव्हा शहरी लोकांना वाटलं, बरं झालं, साठेबाजांना चाप बसला. साठा होता तो नांदगाव, सिन्नर, येवला, कळवणच्या चाळींमध्ये. वजन घटतं, सड होते, काजळी धरते, आणि हे सगळं सोसून चार महिने ज्याने थांबायची हिंमत केली त्याच्या डोक्यावर शुल्क बसलं. व्यापारी काय करतो? दुसऱ्या दिवशी बोली खाली आणतो. किंवा, त्या वेळी झालं तसं, लिलावच बंद ठेवतो. काही दिवस बाजार समित्या ओस होत्या. केंद्राने आणखी दोन लाख टन 2,410 रुपये क्विंटलने घ्यायचं जाहीर केलं, मग हळूहळू सुरळीत झालं.

डिसेंबरची गोष्ट वेगळी. तेव्हा लाल कांदा येतो, ज्याला आपण पोळ म्हणतो. त्याला टिकाऊपणा नाही. काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावाच लागतो. चाळीत भरून वाट बघायची सोय नाही. म्हणून 7 डिसेंबरच्या बंदीने शेतकऱ्याला थांबायलाही जागा ठेवली नाही, भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आले, आणि चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. दोन्ही निर्णय कांद्यावरचेच, पण ऑगस्टच्या आणि डिसेंबरच्या मालाची तब्येत वेगळी, म्हणून घाव वेगळा. तुम्ही धंद्यात आहात, तुम्हाला हे माहीत आहे. दिल्लीत फाइल हलवणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

मग व्यापारी सुटतो का? नाही. त्याचा माल तीन ठिकाणी अडकतो: खळ्यावर भरलेल्या गोण्यांत, रस्त्यावरच्या गाडीत, आणि बंदरावरच्या रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये. यातला शेवटचा सगळ्यात महाग. वीज लावून ठेवलेल्या कंटेनरचं रोजचं भाडं चढत असतं, आणि माल परत आणायचा म्हटलं तर वाहतूक, पुन्हा प्रतवारी, पुन्हा गोणी. एक्स्पोर्टसाठी निवडलेला 50-55 मिलिमीटरच्या वरचा, डबल पत्तीचा, म्हणजे दुहेरी सालीचा, माल लोकल बाजारात कोणी जास्त पैसे देऊन घेत नाही. निर्यातदाराला अशा वेळी लिलावात चढवलेला प्रत्येक शंभर रुपया आठवतो.

आकडा मांडून बघू, म्हणजे किमान निर्यात मूल्य आणि शुल्क एकत्र आले की काय होतं ते कळेल. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्कासह. 40 फुटी रीफरमध्ये साधारण 28 टन कांदा बसतो. 28 गुणिले 550 म्हणजे 15,400 डॉलर. त्या वेळच्या 83 रुपये 40 पैसे दराने पावणेतेरा लाखांच्या वर. त्यावर 40 टक्के, म्हणजे जवळपास पाच लाख चौदा हजार, बोट हलायच्या आधी सरकारजमा. किलोला 46 रुपये मूल्य अधिक 18 रुपये शुल्क, झाले 64. बाजार समितीत तेव्हा हाच कांदा पंधरा-वीस रुपये किलोच्या आत होता. म्हणजे दारं उघडली असं जाहीर झालं, पण उंबरा छातीएवढा. दुबईच्या जेबेल अली बंदरातल्या खरेदीदाराला पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा माल स्वस्त पडत असेल तर तो तुमची गोड पत्ती किती दिवस बघेल? आणि ज्याच्याकडे कंटेनरमागे पाच लाख जास्तीचे गुंतवायला आहेत तोच उभा राहतो, छोटा आपोआप बाहेर. शुल्काची ही बाजू फारशी कोणी बोलत नाही.

इथे एक इशारा. किमान मूल्य लागलं की तुम्हाला कोणीतरी सांगेल, कागदावर 550 दाखव, फरक तिकडे परत देऊ. नुसतं शुल्क असलं, किमान मूल्य नसलं, की उलटा सल्ला येईल: बिल कमी दाखव, शुल्क कमी लागेल. दोन्ही परकीय चलन आणि कस्टमच्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि दोन्हीच्या फायली काही वर्षांनी उघडतात. 2017 आणि 2020 ला नाशिकच्या कांदा व्यापाऱ्यांकडे प्राप्तिकरवाले आले तेव्हा वेळ बघा कोणती होती: भाव चढते असतानाची. भाव चढले की हिशेबाची वही तपासली जाते, एवढं लक्षात ठेवून वही लिहावी.

आता सरकार हे का करतं. शिव्या देणं सोपं आहे, आमच्या चहाच्या टपरीवर रोज दिल्या जातात. पण समोरच्याची अडचण कळली तर त्याची पुढची चाल कळते. 1980 च्या लोकसभेत कांद्याचे भाव प्रचाराचा मुद्दा होते, 1998 च्या नोव्हेंबरात दिल्लीतलं राज्य सरकार ज्या कारणांनी गेलं त्यात कांदा वर होता. ही आठवण प्रत्येक पक्षाच्या हाडात आहे. दुसरं कारण रिझर्व्ह बँकेचं. 2012 ला आधार धरलेल्या किरकोळ महागाई निर्देशांकात कांद्याचं वजन शंभरात फक्त 0.64 होतं. शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. पण हा चौसष्ट पैशांचा माल दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, गहू-तांदूळ होत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये भाजीपाल्याची महागाई 42 टक्क्यांवर गेली आणि एकूण महागाई 6.21 वर, रिझर्व्ह बँकेच्या सहा टक्क्यांच्या कमाल मर्यादेच्या वर. रेपो दर साडेसहावरच राहिला, तो पाव टक्क्याने उतरायला फेब्रुवारी 2025 उजाडला. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता उतरायला वेळ लागला त्यात टोमॅटो-कांद्याचा हात होता. म्हणून ग्राहक व्यवहार खातं रोज शहरोशहरीचे किरकोळ भाव गोळा करतं. तो तक्ता उघड आहे. तुम्ही लासलगावचा भाव बघता, निर्णय घेणारा दिल्लीचा किरकोळ भाव बघतो. तुम्हीही तोच बघा. दिल्लीत किलोला पन्नास-साठच्या पुढे गेलं आणि समोर निवडणूक किंवा दिवाळी असली, तर माझ्या अनुभवाने माल अंगावर ठेवू नये.

निवडणुकीचा हिशेब मात्र एकाच दिशेने चालत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. शहरी मतदार समोर असेल तर बंदी, कांदा पिकवणारा समोर असेल तर सवलत. 2024 मध्ये हे दोन्ही एकाच वर्षात दिसलं. मार्चअखेर संपणारी बंदी 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली. एप्रिलच्या 25 तारखेला गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, तेव्हा इकडे जो भडका उडाला तो तुम्ही पाहिला असेल. दोनच दिवसांत सरकारने सहा देशांना मिळून 99,150 टनांच्या निर्यातीला मुभा असल्याचं पत्रक काढलं, आणि 4 मेला बंदी उठवली. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान 20 मेला होतं. पाच दिवस आधी पिंपळगावच्या पंतप्रधानांच्या सभेतही कांद्यावर बोला म्हणून आवाज उठला. निकालात दिंडोरी, नाशिक, अहमदनगर, शिर्डी, धुळे, सगळीकडे सत्ताधारी उमेदवार पडले. एकटा कांदाच कारण होता असं मी म्हणणार नाही, पण पुढचं पाऊल बघा: विधानसभेच्या तोंडावर, 13 सप्टेंबर 2024 ला, किमान मूल्य काढलं आणि शुल्क 40 वरून 20 वर आणलं. त्याच सुमारास कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, सोयाबीनवाल्यांसाठी. आणि सोबतच बफरचा कांदा शहरात 35 रुपये किलोने विकायला सुरुवात होतीच. ऑक्टोबरात लासलगावहून 1,600 टनांची अख्खी रेल्वेगाडी दिल्लीला गेली. म्हणजे एका हाताने शेतकऱ्याला, दुसऱ्या हाताने ग्राहकाला. व्यापाऱ्याने दोन्ही हात बघायचे. उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 पासून गेलं, तोवर बांगलादेशने स्वतःचा कांदा पिकवायचं मनावर घेतलं होतं.

बांगलादेशबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या धंद्यात तो सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुखावलेला ग्राहक आहे. 2019 ला बंदी आली त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, आणि स्वयंपाक्याला कांदा न घालायला सांगितल्याचं त्यांनी हसत हसत ऐकवलं होतं. त्यात टोमणा होता. पुढच्याच वर्षी पुन्हा तेच घडलं. वारंवार नळ बंद होत असेल तर माणूस विहीर खणतो. त्यांनी तेच केलं: स्वतःचं उत्पादन वाढवलं, पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानकडून माल आणायची सवय लावली, आणि स्वतःच्या शेतकऱ्याचा माल बाजारात असताना आपल्या मालाला आयात परवाने देईनासे झाले. ऑगस्ट 2024 मध्ये तिथलं सरकार कोसळलं तेव्हा सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याची वाहतूक काही दिवस ठप्प होती. विदर्भातल्या संत्रावाल्यांना हा हिशेब जास्त महागात पडला. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क काही वर्षांत किलोला 20 टक्यांवरून टप्प्याटप्प्याने 88 टक्यांवर नेलं (टका म्हणजे त्यांचं चलन), आणि अमरावती-नागपूरचा माल तिकडे जाणं जवळपास बंद झालं. आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्रं अडवलं, असं वरूडकडचे लोक उघड बोलतात. दोन सरकारांच्या मनात काय होतं ते बाजूला ठेवा, पण ज्याने कधी कांदा पाहिलाही नाही असा बागायतदार कांद्याच्या धोरणात ओढला गेला, हे खरं.

म्हणून बातमी वाचताना आपल्या देशाएवढीच ग्राहकाच्या देशाची वाचा. 2022 ला श्रीलंकेकडे डॉलरच संपले. कोलंबोतल्या व्यापाऱ्याची नियत चांगली होती, त्याच्याकडे रुपये होते, पण बँकेकडे डॉलर नव्हते. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. पंतप्रधान महिंदा राजपक्षे गेले की राहिले यापेक्षा त्यांच्या मध्यवर्ती बँकेत परकीय गंगाजळी किती उरली आहे, ही बातमी आपल्या कामाची होती, आणि ती कित्येक महिने आधीपासून छापून येत होती.

तांबड्या समुद्राचंही तसंच. 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. दुबईला जाणाऱ्या कांद्याचा तांबड्या समुद्राशी संबंध नाही, पण बोटी लांबच्या फेरीत गुंतल्या की रिकामे रीफर मिळेनासे होतात आणि भाडं सगळ्याच मार्गांवर चढतं. रॉटरडॅमला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांना तर थेट दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले. द्राक्षाच्या आयुष्यात पंधरा दिवस म्हणजे काय, ते पिंपळगावच्या माणसाला सांगायला नको.

कांद्यापुरतंच हे आहे असं समजू नका, धंदा कुठलाही असो, 'माल कोणाचा' हा प्रश्न लागू पडतो. 2021 च्या दिवाळीच्या आदल्या रात्री पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क पाच आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी उतरलं. गिऱ्हाईक खूश, पण पंपवाल्याने टाकीतला माल जुन्या भावाने पैसे भरून घेतलेला होता. तो फरक त्याच्या खिशातून गेला. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आलं. जळगावच्या पेढीसमोर गिऱ्हाइकांची रांग, आणि तिजोरीतल्या तयार दागिन्यांची किंमत एका दुपारीत उतरलेली. 2025 ला जीएसटीचे दर बदलायचे ठरले तेव्हा घोषणा 3 सप्टेंबरला झाली आणि अंमल 22 सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवसापासून. मधले अडीच आठवडे टीव्ही-एसीच्या दुकानदाराने माशा मारल्या. गिऱ्हाईक येऊन भाव विचारायचं आणि 'बावीसला येतो' म्हणून जायचं. तो काळ ज्याचा माल उधारीवर होता आणि हप्ता 15 तारखेला होता, त्याला विचारा.

नोटाबंदीत तर मालाच्या जागी नोटाच होत्या. आपल्याकडे लिलावाचे पैसे रोख द्यायची रीत, 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री ज्याच्या गल्ल्यात पाचशे-हजार होते तो अडकला, बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस बंद राहिले, आणि आठवड्याच्या आत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाल्यावर गावातला माणूस आणखी लांब फेकला गेला. त्यानंतर चेक आणि थेट खात्यात पैसे देण्याची सवय लागली, तेवढं एक बरं झालं.

आता तुम्ही प्रत्यक्षात काय करावं.

पहिलं, कॅलेंडर बघा. मी वर दिलेल्या तारखा वारांसकट तपासून पाहा. 19 ऑगस्ट आणि 28 ऑक्टोबर 2023 शनिवार. 4 मे 2024 शनिवार. 29 सप्टेंबर 2019 रविवार. दोन्ही वर्षांचे 13 सप्टेंबर, 2019 चा आणि 2024 चा, शुक्रवार. 20 टक्के शुल्क काढल्याची घोषणाही 22 मार्च 2025 ला, शनिवारी. बाजार बंद असताना किंवा बंद होता होता निर्णय जाहीर करणं सरकारला सोयीचं असतं. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात मी शुक्रवारी संध्याकाळी खळं शक्य तितकं रिकामं ठेवतो. गाडी भरायचीच असेल तर ज्याचा पैसा आधी आलाय त्याचीच. यात कधी कधी सोमवारची तेजी हुकते, हुकू दे. सोमवार आणि गुरुवारीही अधिसूचना निघाल्या आहेत, त्यामुळे ही हमी नव्हे.

दुसरं, करारात दोन ओळी घालून घ्या. नवीन शुल्क लागलं तर ते खरेदीदाराकडे. निर्यात सरकारने थांबवली तर सौदा रद्द, दंड नाही, आणि आगाऊ रक्कम किती दिवसांत परत ते तिथेच लिहा. आपल्याकडे निम्मे सौदे व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके भाई' एवढ्यावर होतात. मग भांडण झालं की कोणाकडे दाखवायला काही नसतं. ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा घ्या, खरेदीदार बुडाला किंवा त्याच्या देशाने आयात बंद केली तर तो कामाला येतो. पण नेहमीच्या पॉलिसीचं संरक्षण माल रवाना झाल्यावर सुरू होतं. आपल्याच सरकारच्या बंदीने खळ्यावर राहिलेल्या गोण्यांना ते नाही. एजंट हे स्वतःहून सांगत नाही.

तिसरं, बातमी आल्यावर पहिला तास कोणाला फोन करायचा हे आधी ठरवा. आधी सीएचए, मालाची कागदपत्रं कस्टममध्ये कुठवर पोहोचली ते विचारायला. मग गाडीवाला, गाडी कुठे आहे, बंदराच्या आत की बाहेर. मग खरेदीदार. लिलावातला मित्र सगळ्यात शेवटी, कारण तो फक्त अफवा सांगेल. बफरची खरेदी किती झाली, नाफेड आणि एनसीसीएफ (केंद्रासाठी बफरचा कांदा घेणाऱ्या सहकारी संस्था) माल कधी सोडताहेत, अलवरचा आणि कर्नाटकातला कांदा पावसाने पुढे गेलाय का, हे बातमी यायच्या आधी आठवडाभर कळत असतं. तेवढं वाचन पुरे.

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण लोकल म्हणजे सुरक्षित हा समज चुकीचा. निर्यात थांबली की तोच माल लोकल बाजारात येऊन आदळतो आणि तुमच्या खळ्यावरच्या गोणीचा भाव पाडतो. एक्स्पोर्ट न करणाऱ्यालाही अधिसूचना लागते, फक्त एक दिवस उशिरा. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्ष एखाद्या जुन्या निर्यातदाराला माल पॅक करून दिला असता, भाव खळ्यावरचा, मालकी खळ्यावरच संपते, आणि त्याचे कागद कसे फिरतात ते जवळून पाहता येतं. नफा कमी, पण शिकवणी फुकट. स्वतःचा पहिला कंटेनर एप्रिल-मेमध्ये, नवा उन्हाळ कांदा निघाल्यावर, भाव खाली आणि दिल्ली शांत असते तेव्हा. कोलंबो किंवा दुबई, दोन्हीपैकी जिथला खरेदीदार निम्मे पैसे आधी पाठवेल तिथे. आणि गाडी न्हावाशेव्याला गुरुवारच्या आत पोहोचेल अशी भरा.